शरीराची साक्ष

शारीरिक शिक्षणाचा तास शाळेच्या वेळापत्रकात असतो. पालकांच्या मनात बहुधा नसतो. एखाद्या विषयाचा अभ्यासक्रम मागे पडला, की पहिला घाला त्या तासावर पडतो आणि त्याचे दुःख कोणाला होत नाही. २०१८ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववी ते बारावीच्या वर्गांना हा विषय सक्तीचा केला, तेव्हा कागदावर त्याची प्रतिष्ठा वाढली. परंतु जे सक्तीचे होते, त्यातून सुटण्याची वाटही माणूस लगेच शोधू लागतो. ती वाट मीही शोधली. तिच्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

माझा मुलगा नववीत आहे. अंगाने स्थूल, स्वभावाने भिडस्त. मैदानाच्या फेऱ्यांत तो शेवटी येई आणि मुले हसत. एका रात्री त्याने विचारले, ‘बाबा, मला पी.टी.तून सूट नाही का मिळणार?’ मी त्याच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिले. आणि खरे सांगावयाचे तर, त्या वाचलेल्या तासात होऊ शकणाऱ्या गणिताकडेही पाहिले. ओळखीच्या एका डॉक्टरांनी गुडघेदुखीचा दाखला दिला. कचेरीत रजेच्या अर्जांना जोडलेले असे दाखले माझ्याच टेबलावरून पुढे जातात. त्यांतले संशयास्पद कोणते, हे मला चटकन कळते. त्या दिवशी मात्र मला कसलाच संशय आला नाही.

पुढे दोन महिन्यांनी एका संध्याकाळी आम्ही दोघे ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर वह्या घेण्यास गेलो होतो. समोरून त्याचे क्रीडाशिक्षक येताना दिसले आणि मुलगा लंगडू लागला. त्याला कोणी तसे सांगितले नव्हते. मीही काही बोललो नाही; उलट त्याच्या लंगडण्याला शोभेल इतकी माझी चाल मंद केली. शिक्षकांनी आस्थेने गुडघ्याची चौकशी केली. ते दिसेनासे झाले, तरी दहा-वीस पावले आम्ही तसेच चालत राहिलो. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने १९५७ साली ज्या शहरात शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उघडले, त्याच शहरात मी माझ्या मुलाला लंगडावयास शिकवले होते.

व्यायाम शरीरासाठी आणि संगीत मनासाठी, ही विभागणी प्लेटोला मान्य नव्हती. ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात तो दोन्हींचे खरे प्रयोजन आत्म्याची घडण हेच मानतो. महाविद्यालयात हे मी परीक्षेपुरते वाचले होते. त्याचा अर्थ बाड्यावर कळला. पाठ केलेले उत्तर आपले म्हणून खपवता येते, उसने घेतलेला विचारही खपतो. पण मैदानाच्या चार फेऱ्या स्वतःच्याच पायांनी पुऱ्या कराव्या लागतात. आपल्यापाशी असलेला पहिला सरळ साक्षीदार म्हणजे आपले शरीर. त्या साक्षीदारालाच मी फितवले होते.

यावर कोणी म्हणेल, की रोज चारचौघांत हसे होणे हे तरी कसले शिक्षण? हा आक्षेप खोटा नाही. एक शिट्टी, एक रेघ आणि सर्वांना एकच माप. पहिल्या तिघांची नावे लिहिली जातात आणि उरलेले सदतीस म्हणजे नुसती गर्दी. अशा तासाला शिक्षण म्हणणे कठीण आहे. पण त्यावर सुटकेचा दाखला हे उत्तर होते काय?

शरीर आणि धर्म यांचे नाते सांगणारे एक संस्कृत वचन आपल्याकडे व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवलेले असते. ते कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तील पाचव्या सर्गातले, हे पुष्कळांना ठाऊक असते, ते कोणत्या प्रसंगी येते, याचा मात्र विसर पडतो. पार्वती उग्र तप करीत असते. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात शंकर तेथे येतो. समिधा, दर्भ, पाणी नीट मिळते ना, अशी विचारपूस करतो आणि पुढे विचारतो, की तुझे तप तुझ्या स्वतःच्या शक्तीप्रमाणे चालले आहे ना? ते प्रसिद्ध वचन या प्रश्नाला जोडून येते. म्हणजे ते आज्ञेचे नव्हे, काळजीचे बोल आहेत. आपण वचन भिंतीवर लिहिले आणि प्रश्न गाळला.

‘स्वतःच्या शक्तीप्रमाणे’ या शब्दांना दोन्ही बाजूंनी धार आहे. शक्तीबाहेर नको, तसेच शक्तीहून कमीही नको. जुन्या तालमीत वस्ताद नवख्याला दहा जोर सांगे. ते अंगवळणी पडले, की पंधरा. शेजारचा शंभर काढतो, हे त्या पंधरांचे माप नसे. शाळेने माझ्या मुलाला दुसऱ्याच्या मापाने मोजले आणि मी त्याला मोजूच दिले नाही. त्याची शक्ती किती, हे दोघांनीही पाहिले नाही. अपमानापासून वाचवणे निराळे आणि प्रयत्नापासून वाचवणे निराळे. दयेच्या भरात मी हा भेद विसरलो.

दुसऱ्या दिवशी दाखला रद्द करण्याचा अर्ज लिहावयास बसलो. दिवसभर मसुदे करणारा मी. पण चार ओळींना तासभर लागला. पहिल्या मसुद्यात ‘गुडघा आता बरा आहे’ असे लिहून गेलो आणि मग ध्यानात आले, की हा दुसरा दाखला झाला. तो फाडला. गुडघा कधीच दुखत नव्हता, दोष माझा आहे, आणि मुलाची प्रगती त्याच्याच मागच्या फेऱ्यांशी ताडून पाहावी, एवढेच लिहिले. मुलाने ते वाचले. ‘सरांना काय वाटेल?’ त्याने विचारले. ‘वाईट वाटेल,’ मी म्हणालो.

तो अजूनही शेवटीच येतो, आणि हसणारी मुले अजूनही हसतात. मात्र गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तो फेऱ्यांचा हिशेब ठेवू लागला आहे: मागील आठवड्यात तीन, या आठवड्यात साडेतीन. परवा बाड्यावर ते शिक्षक पुन्हा भेटले. मुलगा सरळ चालत त्यांच्यापाशी गेला. माझे पाय मात्र जड झाले होते.