जलप्रलयानंतरचा नोहा

(उत्पत्ति, अध्याय ९, वचने २० ते २७ वाचावी.)



नोहाने तारू बांधले, हे आपल्या मंडळीतील लहान लेकरूही सांगते. परंतु पाणी ओसरल्यावर काय झाले, ते शब्बाथशाळेत सहसा शिकवीत नाहीत. त्या नीतिमान मनुष्याने द्राक्षमळा लाविला, तो द्राक्षारस प्याला आणि आपल्या डेऱ्यात उघडा पडला. तो का प्याला, हे शास्त्र सांगत नाही. तथापि ओळखीचे अवघे जग ज्याच्यासमोर बुडाले, त्याला रात्री झोप कशी येत असेल?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री ह्याच खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या उतारावरची ठाकूर बांधवांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. अवजड यंत्रे वर नेता येईनात. माणसांनी बहुतेक हातांनीच चिखल उपसला. २७ देह सापडले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाचलेल्यांस धान्य, वस्त्र व निवारा देणारे पुष्कळ आले. परंतु पावसाचा आवाज वाढताच दचकून उठणाऱ्यास काय द्यावे, हे आपणांपैकी कितीकांस ठाऊक आहे?

त्या वाडीविषयी आम्ही काही बोलत नाही; बोलतो ते आपल्याविषयी. आपल्याकडे घरात मृत्यु झाला की सांत्वनास येणारा कोणी ना कोणी बाटली घेऊन येतो. दोन घोट घे, झोप लागेल, असे म्हणतो. झोप लागते, हेही खरे. पण ती मोडकी असते, आणि पहाटे मन अधिकच खचलेले असते. मग पुन्हा दोन घोट. शेम व याफेथ ह्यांनी बापाचा पेला पुन्हा भरला नाही, हे ध्यानात घ्या.

आता आमचाच एक अपराध सांगतो. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली, दारूची दुकाने बंद झाली आणि आम्हांस आनंद झाला. मंडळीतील एका बंधूचे काम गेले होते, त्यात दारूही तुटली. आम्ही त्याच्याकडून शपथ घेवविली व त्याला घरातच राखावे असे सांगितले. तिसऱ्या रात्री त्याचे हात थरथरू लागले, अंगावर किडे चढतात म्हणून तो ओरडू लागला. आम्ही ह्यास सैतानाचे काम समजून प्रार्थना करीत बसलो. त्याच्या पत्नीने मात्र शेजाऱ्याची रिक्षा बोलाविली. वैद्य म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हा वाचता ना. रोज पुष्कळ पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर झटके येतात, भ्रम होतो, प्राणही जातो. म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखाली, औषध देऊन सोडवावी लागते. प्रार्थना आम्ही अजूनही करितो, पण रिक्षा बोलावून मग.

एलीयाने रतामाच्या झुडपाखाली मरण मागितले, तेव्हा देवदूताने त्याला विश्वासाची कमतरता म्हणून दटाविले नाही. भाकर दिली व पुन्हा निजू दिले. ज्याचे मन असे बसले असेल, त्याला उपदेशक बंधूंनी एकटे सोडू नये. १४४१६ हा सरकारी दूरध्वनी अहोरात्र चालू असतो. पैसा पडत नाही व मराठीत बोलता येते. हा आकडा देवळाच्या दारावर लिहून ठेवा.

हामाने पाहिले व बाहेर जाऊन सांगितले. दुसरे दोघे पाठमोरे चालत गेले व बापावर वस्त्र घातले. मात्र झाकणे म्हणजे लपविणे नव्हे. नवरा पिऊन मारितो, त्या बहिणीला गप्प राहा म्हणणाऱ्याने शेमाचे नाव घेऊ नये.

तो बंधु आता वीटभट्टीवर कामास जातो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमचे दार वाजले. “पाळकसाहेब, आज जमत नाही. थोडे बसू द्या,” एवढेच तो म्हणाला. आमच्या पत्नीने चहा ठेविला. उजाडेपर्यंत पाऊस पडत होता, आणि आम्ही तिघे ओसरीवर बसून होतो.