निम्म्यांचा हिशेब

एका काल्पनिक राक्षसाचे बरोबर होते की चूक, यावर खरीखुरी माणसे वर्षभर भांडली. २०१८ च्या एप्रिलपासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत हे भांडण जगभर चालले होते. भांडणारे काही वेडे नव्हते. शाळा-कॉलेजांतली मुले होती, कचेरीत जाणारे तरुण होते, दोन-दोन मुलांचे बापही होते. अशा वादाकडे कादंबऱ्या लिहिणाऱ्या एका मास्तराने कानाडोळा केला असता तरी चालले असते. परंतु या पोरकट दिसणाऱ्या वादाच्या तळाशी जो प्रश्न होता, तो तुम्ही-आम्ही फराळाचे ताट पुढ्यात घेऊन, चकलीचा तुकडा मोडता मोडता अगदी सहज निकालात काढत असतो. ‘माणसंच फार झाली हो!’ असे म्हणून.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी कथा थोडक्यात सांगतो. नातवंडांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे, त्यांना तो तोंडपाठ आहे. मार्व्हल ही अमेरिकेतली चित्रकथा काढणारी जुनी संस्था. तिच्या चित्रकथांतल्या सुपरहिरोंवर २००८ सालापासून एकात एक गुंफलेले चित्रपट निघू लागले. ‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’ हा त्यांतला एकोणिसावा. २७ एप्रिल २०१८ ला तो आपल्याकडेही लागला. इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ आणि तेलुगूतही लागला. आमच्या मुलांनी तो हिंदीत पाहिला आणि मराठीत भांडण केले. त्यात थॅनॉस नावाचा जांभळ्या रंगाचा एक महाकाय पुरुष आहे. त्याच्या ग्रहावर तोंडे फार आणि अन्न थोडे अशी पाळी आली, तेव्हा त्याने उपाय सुचवला होता : चिठ्ठ्या टाका आणि निम्मे मारा. लोकांनी त्याला वेडा ठरवले आणि पुढे तो ग्रह ओसाड पडला. तेव्हापासून साऱ्या विश्वाला हाच काढा पाजायचे त्याने मनावर घेतले. सहा रत्ने मिळवून त्याने एकदा चुटकी वाजवली आणि विश्वातल्या निम्म्या जिवांची राख झाली. शेवटच्या दृश्यात तो एका झोपडीबाहेर टेकतो, दिवसभर राबलेला शेतकरी टेकतो तसा, आणि उजेडाकडे पाहून समाधानाने हसतो. चित्रपट इथेच संपला. पुढचा भाग यायला एक वर्ष होते. मग वाद होणार नाही तर काय होईल?

मूळ चित्रकथेतून हा वाद निघालाच नसता. थॅनॉस हे जिम स्टार्लिन या चित्रकाराचे अपत्य; १९७३ साली तो प्रथम छापला गेला. १९९१ साली स्टार्लिननेच लिहिलेल्या कथामालेतही तो निम्मे विश्व मारतो, पण कशासाठी? मृत्यू ही तिथे एक स्त्री आहे आणि तिची मर्जी संपादन करायची म्हणून! चित्रपटवाल्यांनी ही प्रेयसी काढून टाकली आणि तिच्या जागी हिशेबाची वही ठेवली. एवढ्यानेच तोच खुनी कित्येकांना विचारवंत वाटू लागला. लेखक म्हणून मला ही करामत पाहण्यासारखी वाटली. प्रेमापायी मारणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. गणित मांडून मारणाऱ्यापुढे मात्र आपण पाटी-पेन्सिल घेऊन बसतो आणि त्याचा भागाकार बरोबर आला की नाही ते तपासू लागतो.

माझ्या वर्गातही पाट्या निघाल्या. त्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नववीत दोन तट पडलेले होते. एका मुलाच्या घरची बोअर त्याच उन्हाळ्यात आटली होती. तो म्हणाला, “सर, पाणी तेवढंच आणि माणसं दुप्पट. त्यानं चुकीचं काय केलं?” त्यावर मागच्या बाकावरची मुलगी तडकून उठली : “एवढी शक्ती होती, तर अन्नच दुप्पट का नाही केलं?” हाच प्रश्न तेव्हा जगभर विचारला जात होता. प्रश्न हुशारीचा खरा. पण मला तो अपुरा वाटला. अन्न दुप्पट करता येत नसते, तर मग निम्मे मारणे योग्य ठरले असते काय? तोडगा सुचवणारा नकळत सावकाराच्या ओटीवर जाऊन बसतो आणि व्याजाचा दर ठरवू लागतो. कर्ज कोणी काढले, हे विचारायचे राहूनच जाते.

त्या मुलाचा शेवटचा मुद्दा मात्र माझ्या मनात रुतून बसला. तो म्हणाला, “पण सर, त्यानं भेदभाव केला नाही. गरीब-श्रीमंत बघितलं नाही. नशिबावर सोडलं.”

थॅनॉसच्या बाजूने बोलणाऱ्यांचे खरे बळ इथे होते. रेडिट या संकेतस्थळावर त्याच्या चाहत्यांचा एक मोठा मेळा भरत असे. जुलै २०१८ मध्ये त्यांनी काय करावे? आपल्यातल्याच निम्म्या सभासदांना, कोणताही निवाडा न करता, यदृच्छेने बाहेर काढायचे ठरवले. आणि तीन लाखांहून अधिक जणांना खरोखरच काढले! थॅनॉसची भूमिका करणाऱ्या जॉश ब्रोलिनने त्या निमित्ताने चुटकी वाजवतानाचे आपले चित्रणही पाठवले होते. गंमत अशी की, आपलेही नाव चिठ्ठीत असावे म्हणून लोक आधी धावत जाऊन सभासद होत होते. खेळच तो, त्यावर कपाळाला आठ्या घालणारा मी नव्हे. मला त्यात दिसली ती माणसाची एक जुनी खोड. चिठ्ठी निघाली म्हणजे आपण मुकाट्याने उठून उभे राहतो.

किती जुनी, ते महाभारतात पाहावे. एकचक्रा नगरीतल्या लोकांचा बकासुराशी ठराव होता : गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस. घरटी पाळी. एका घराची पाळी यायला कितीतरी वर्षे लागत. भीमाने गाड्यावरचा भात वाटेतच कसा फस्त केला, हे ऐकून आपण सारे लहानपणी हसलो आहोत. पण त्या पाळीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. किती न्यायी व्यवस्था ती! थोरामोठ्याचे घर सुटत नव्हते. मला तर वाटते, त्या न्यायीपणामुळेच ती इतकी वर्षे टिकली. बकासुराने दर वेळी एकाच आळीतला माणूस मागितला असता, तर त्या आळीने केव्हातरी कुऱ्हाडी उचलल्या असत्या. पाळी सर्वांची, म्हणून संताप कोणाचाच नाही. तिथला राजा दुबळा होता, असे पाळी आलेल्या घरचा ब्राह्मणच कुंतीला सांगतो. पण राजाला जाब विचारण्यापेक्षा यादी नीट ठेवणे लोकांना सोपे गेले. यादीत सगळ्यांची घरे होती, बकासुराचे तेवढे नव्हते.

आता हिशेबाचेच बोलू. २०१८ साली जगाची लोकसंख्या सुमारे ७६० कोटी होती. निम्मी केली तर ३८०. एवढी माणसे या पृथ्वीवर कधी होती? १९७० नंतरच्या एक-दोन वर्षांत. म्हणजे एवढा संहार करून आपण पोचलो कोठे, तर स्टार्लिनने थॅनॉसचे पहिले चित्र काढले साधारण तिथपर्यंत! तेव्हा जग तृप्त होते काय? दूर जायला नको. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. २०११ च्या जनगणनेत ती ११ कोटी २४ लाख भरली. १९७१ चा महाराष्ट्र म्हणजे चुटकी वाजवून झाल्यावरचाच महाराष्ट्र, निम्म्याहूनही कमी. आणि पाठोपाठ आला १९७२ चा दुष्काळ.

माझी आई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. ती खडी फोडायला जाई. मिलोच्या लाल भाकरीचे नाव काढले की आजही तिचे तोंड वाकडे होते; सुकडीबद्दल मात्र ती जरा मायेने बोलते. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. ५ कोटींतली ५० लाख! म्हातारे-कोतारे, कडेवरची पोरे धरून दर दहा माणसांतले एक माती उपसत होते, नाही तर दगड फोडत होते. सकाळी मुकादम मस्टर उघडून नाव पुकारी, आणि ज्याचे त्याने ओ द्यायची. हिशेब तिथेही होता. पण किती जणांच्या हाताला काम पुरवायचे, याचा तो हिशेब होता. किती जण जास्तीचे आहेत, याचा नव्हे. त्यातूनच पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. सगळे सोन्यासारखे झाले असे नाही. आईने ज्या पाझर तलावावर माती टाकली, त्यात पाणी कधी धड ठरलेच नाही. पण माती टाकणारी जगली.

वादाचा आणखी एक धागा होता, आणि तो मला अधिक अवघड वाटतो. सहांपैकी एक रत्न व्हिजन नावाच्या नायकाच्या कपाळात होते. ते फोडले तर थॅनॉसचा बेत फसेल, पण व्हिजन मरेल. व्हिजन स्वतः म्हणत होता, फोडा. कॅप्टन अमेरिका म्हणाला, आम्ही जिवांचा असा सौदा करत नाही. मग व्हिजनला वाचवण्यासाठी वाकांडाचे सैन्य रणात उभे राहिले आणि त्यातले कितीतरी शिपाई पडले. एकासाठी एवढे मेले, हा सौदा नव्हे तर काय, असे मुले विचारीत. कॅप्टनचे म्हणणे मला अजूनही पुरतेपणी पटलेले नाही. स्वतः होऊन द्यायला निघालेल्या माणसाचा हात धरणे आणि न देणाऱ्याचा हात पिरगाळणे, यांत काही फरक करायला नको काय? पण उलट बाजूही आहे. भीमाला बकासुराकडे पाठवणाऱ्या कुंतीवर धर्मराज रागावला होता, हे आपण विसरतो. आपल्या प्रिय माणसाने जावे, असे म्हणणे कोणाच्याही जिभेवर सहज येऊ नये. कॅप्टनच्या जिभेवर ते येत नव्हते, एवढे त्याच्या पदरात टाकले पाहिजे.

ज्यांना हे सारे कल्पनेचे खेळ वाटत असतील, त्यांनी २०२१ चा एप्रिल आठवावा. खाटा थोड्या होत्या, प्राणवायू थोडा होता. आमच्या तालुक्यातल्या एका डॉक्टरला रात्री दोन वाजता दोघांतला एक निवडावा लागला. नंतर कित्येक दिवस तो माणूस कोणाशी धड बोलत नव्हता. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली एक वृद्धा गेली, आणि चहाच्या टपरीवर मी ऐकले : “चला, वय झालंच होतं.” डॉक्टरने प्रत्यक्ष निवड केली होती आणि तो कोसळला होता. टपरीवरच्या माणसाला काहीच निवडायचे नव्हते. तरी त्याची बेरीज-वजाबाकी चहा निवायच्या आत झाली होती. त्याने थॅनॉसचे नावही कधी ऐकलेले नसेल.

२६ एप्रिल २०१९ ला ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ लागला. वर्षभराच्या भांडणाचा निकाल लावावा, तसा त्यात एक प्रसंग आहे. मागच्या भागात एका कड्यावरून थॅनॉसने आपल्या मानलेल्या लेकीला, गामोराला, रत्नासाठी खाली ढकलले होते. तिने नको नको म्हटले तरीही. आता त्याच कड्यावर नताशा आणि क्लिंट येतात, आणि उडी मी घेणार म्हणून एकमेकांशी झटापट करतात. मला तर पुन्हा एकचक्रेतल्या ब्राह्मणाचे घर दिसले. तिथेही हेच भांडण आहे. नवरा म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी, मुलगी म्हणते मी. आणि बोबडे बोलणारे धाकटे पोर गवताची काडी उचलून म्हणते, याने मी राक्षसाला मारीन. नताशाला मारायला नको होते, म्हणून पुष्कळ चाहते चित्रपट काढणाऱ्यांवर चिडले. चिडले ते योग्यच झाले. तिच्या मरणाची किंमत कोणाला तरी वाटली.

थॅनॉसच्या वकिलांची मात्र या भागात पंचाईत झाली. उरलेले निम्मे लोक कृतज्ञ नाहीत, गेलेल्यांसाठी रडतच आहेत, असे जेव्हा त्याला समजते, तेव्हा तो ठरवतो की आता सगळेच विश्व मोडायचे आणि नवे रचायचे. म्हणजे हरवलेले कोणाला आठवणार नाही. सुरुवातीला त्याला फक्त निम्मे हवे होते!

तरीही वाद मिटला नाही. या चित्रपटात गेलेली माणसे पाच वर्षांनी परत येतात. माझ्या वर्गातल्या त्याच मुलीने तेव्हा विचारले होते, “सर, रेशनकार्डावरची नावं तर कमी केली असतील. आता त्यांना धान्य कोण देणार?” सारा वर्ग हसला. पण २०२१ मध्ये मार्व्हलनेच ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ या मालिकेत हा प्रश्न हाती घेतला. त्या पाच वर्षांत देशांना माणसांची गरज पडली. सीमा उघडल्या, निर्वासितांना घरे मिळाली, कामे मिळाली. गेलेले परत आले तेव्हा या लोकांना घराबाहेर काढण्यात आले, आणि त्यांतले काही तरुण म्हणू लागले, निम्मे जग होते तेव्हाच बरे होते. बोअर आटलेल्या घरचा तो मुलगा तोवर शाळा सोडून गावातच मोटारी दुरुस्त करू लागला होता. त्याने रस्त्यात मला मुद्दाम गाठले. “बघा सर,” तो म्हणाला, “काही लोकांचं भलं झालंच ना?”

मी त्याला म्हटले, झाले. पण घरांची दारे त्या चुटकीने उघडली नव्हती. आत राहणाऱ्यांनी उघडली होती. ती त्यांना आदल्या दिवशीही उघडता आली असती. त्याने हातातला पाना पुसला आणि थोडा विचार करून विचारले, “मग उघडली का नाहीत?”