पाहुणा कोण, यजमान कोण?

नोव्हेंबर महिन्यातील चौथा गुरुवार अमेरिकेत कृतज्ञतेचा सण म्हणून पाळला जातो. त्या आठवड्यात तेथील विद्यापीठांची आवारे ओस पडतात. मुले आपापल्या घरी जातात. कित्येक ठिकाणी भोजनगृहेही बंद राहतात. मागे उरतात ती परदेशांतून शिकावयास आलेली मुले आणि प्रवासखर्च न परवडणारी काही स्थानिक मुले. उच्च शिक्षणासाठी गेलेली आपल्या वसईची मुलेही त्यांत असतात. अशा वेळी आवारातील कॅथलिक विद्यार्थिकेंद्र पुष्कळदा त्यांच्यासाठी सणाचे जेवण योजते. ही केंद्रे बहुधा कार्डिनल न्यूमन यांचे नाव धारण करतात. १८९३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले न्यूमन मंडळ स्थापन झाले. खुद्द न्यूमन यांना २०१९ साली संतपद देण्यात आले.

भाजलेली टर्की, लोणी घालून घोटलेले बटाटे, क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी असा बेत असतो. घरापासून दूर असलेल्या मुलाला त्या मेजावर ऊब मिळते. हे स्तुत्यच आहे. तथापि एक प्रश्न उरतो : हे दान आहे की सहभोजन?

प्रभू येशूने, ज्यांना परतफेड करता येत नाही अशांना जेवावयास बोलवा, असे सांगितले आहे. उलट, फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे दाखवून दिले, की देणे, घेणे आणि परत देणे ही तिन्ही एकाच साखळीची कडी आहेत. जो केवळ घेत राहतो तो देणाऱ्यापुढे खाली जातो. मग प्रभूच्या आज्ञेप्रमाणे वागताना आपण गरजवंताला नकळत हीन तर करीत नाही ना?

थोडा विचार केला असता विरोध मावळतो. प्रभूची आज्ञा यजमानाला उद्देशून आहे. परतफेडीचा हिशेब मनात धरू नये, एवढेच तीत सांगितले आहे; पाहुण्याने रिकाम्या हातानेच यावे, असे नव्हे. स्वतः प्रभूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले, जक्कयाच्या घरी पाहुणचार घेतला आणि पाच हजारांना जेवू घालताना एका मुलाजवळच्या पाच भाकरी व दोन मासळ्या स्वीकारल्या. ज्याच्याजवळ काही नाही असे जग मानते त्याच्याकडे मागणे, हाही त्याचा सन्मानच होय.

या सणाचा इतिहासही हेच शिकवतो. १६२१ साली प्लिमथ येथे इंग्रज वसाहतवाल्यांनी सुगीनंतर तीन दिवस मेजवानी केली. वाम्पानोआग जमातीचे सुमारे नव्वद पुरुष तीत सामील झाले आणि त्यांनी पाच हरणे मारून आणली. तेथे पाहुणा कोण नि यजमान कोण? भूमी तर वाम्पानोआगांची होती! पुढे वसाहतवाल्यांना आपण पाहुणे असल्याचा विसर पडला आणि १६७५ साली युद्ध पेटले. १९७० पासून अनेक आदिवासी वंशज त्याच गुरुवारी प्लिमथमध्ये शोकदिन पाळतात. घेतलेले विसरणारी कृतज्ञता किती पोकळ असते, याची ही साक्ष आहे.

करिंथ येथील मंडळीतही काही जण तृप्त होत नि काही उपाशी राहत, तेव्हा संत पौलाने त्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. एका मेजाभोवती बसल्याने कुटुंब होत नाही. प्रत्येकाचा वाटा त्या मेजावर असला म्हणजे होते.

म्हणून परक्या मुलाला ‘जेवायला येशील ना?’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. ‘तू काय रांधशील?’ असेही विचारावे. टर्कीशेजारी त्याच्या आईच्या पद्धतीचे कालवण आले, की तो आश्रित राहत नाही.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. नाताळात आपण शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट पाठवतो. पण दिवाळीत त्यांच्या घरून आलेले ताट तितक्याच आनंदाने घेतो काय? आपल्या गावी शिकावयास आलेल्या परप्रांतीय मुलाला आपण वाढतो; त्याच्या हातचे कधी खातो काय?

‘युखरिस्त’ या ग्रीक शब्दाचा अर्थच आभारप्रदर्शन असा आहे. त्या पवित्र मेजावर आपण आणलेली भाकर व द्राक्षारसच प्रभू प्रथम स्वीकारतो आणि मगच स्वतःला आपल्या हाती देतो. जेथे सर्वसमर्थ यजमान पाहुण्याकडून घेण्यात कमीपणा मानत नाही, तेथे आपण केवळ दातेच राहण्याचा हट्ट का धरावा?