हात आपले, निर्णय कोणाचा?

गेल्या उन्हाळ्यातील एका संध्याकाळची गोष्ट. बेळगावच्या आमच्या घरी आम्ही रविवारच्या संदेशाची टिपणे काढीत बसलो होतो. त्याच खोलीत आमचा मुलगा टीव्हीच्या पडद्यावर व्हिडिओ गेम खेळत होता. त्याची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, त्यामुळे त्याला कोणी हटकत नव्हते. एकाएकी त्याने हातातील यंत्र गादीवर टाकले आणि तो स्वतःशीच म्हणाला, “सिनेमाच दाखवायचा होता, तर खेळायला कशाला बोलावलं?”

अशा वेळी वडीलमाणसांच्या तोंडी जे वाक्य तयार असते, ते आमच्याही ओठांवर आले होते : मग बंद कर आणि पुस्तक घे. परंतु त्याच्या बोलण्यात नुसता रुसवा नव्हता. म्हणून आम्ही विचारले, “काय झालं?” तो म्हणाला, “बघा ना पपा, किती वेळ ते लोक आपापसांतच बोलतायत. मग मला दहा पावलं चालायला देतात. रस्ता एकच, दार एकच. दाराशी पोचलो की परत सिनेमा सुरू. मी नसतो तरी चाललं असतं.”

‘मी नसतो तरी चालले असते’ हे शब्द आमच्या मनातून जाईनात. म्हणून आम्ही या खेळांची थोडी माहिती करून घेतली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा या खेळांशी संबंध मुलानातवंडांमुळेच येत असेल. तथापि, यात दडलेला प्रश्न मुलांपुरता नाही, असे आम्हांला वाटते.

ही तक्रार जुनी आहे. १९८३ साली अमेरिकेत नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर ‘ड्रॅगन्स लेअर’ नावाचा खेळ आला. पूर्वी डिस्ने कंपनीत काम केलेले डॉन ब्लूथ यांच्या देखरेखीखाली त्याची चित्रे तयार झाली होती. दिसायला तो अस्सल कार्टून चित्रपटच होता. खेळणाऱ्याने करायचे ते मुख्यतः एवढेच की, ठरलेल्या क्षणी काठी ठरलेल्या बाजूला ढकलायची. बरोबर ढकलली तर चित्रपट पुढे सरके, चुकली तर नायक मरे. तिसरे काही संभवत नव्हते. पुढे २००९ साली जपानमध्ये निघालेल्या ‘फायनल फँटसी थर्टीन’ या खेळाविषयीही खेळणाऱ्यांची हीच मोठी तक्रार होती. त्याच्या तेरा प्रकरणांपैकी बहुतेक प्रवास लांब बोळातून चालल्यासारखा आहे. मोकळे मैदान लागते ते थेट अकराव्या प्रकरणात.

याच्या उलट दुसरी जात आहे. जपानचे शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या ग्रामीण भागात गेले. रानात भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि हातात कंदील घेऊन ते आत शिरले, ही आठवण त्यांनी सांगितली आहे. त्यांनी १९८६ साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ केला, तेव्हा त्याच्या पहिल्याच दृश्यात तीन वाटा आणि एक गुहा ठेवली. गुहेतला म्हातारा तलवार देतो, परंतु गुहेत जाच असे कोणी म्हणत नाही. तलवारीवाचून निघालात तरी खेळ तुम्हांला अडवीत नाही. त्याच मालिकेतील २०१७ सालच्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये तर सुरुवातीचे पठार सोडले की शेवटच्या शत्रूवर थेट चालून जाण्याचीही मुभा आहे. हा अविचार बहुतेकांच्या अंगाशी येतो. पण तो ज्याचा त्याचा अविचार असतो.

यावरून कोणी म्हणेल की, एका वाटेचा खेळ वाईट आणि मोकळा खेळ चांगला. हे इतके सोपे नाही. पुस्तकाचीही वाट एकच असते. परंतु पान उलटल्यामुळे कथा घडली, असे पुस्तक वाचकाला भासवीत नाही. ‘मी सांगतो, तू ऐक’ हा त्यांच्यातील करार उघड असतो. तेव्हा दोष एका वाटेत नाही. हात दुसऱ्याचे मागून घ्यायचे आणि निर्णय मात्र स्वतःपाशी ठेवायचा, यात तो आहे.

याविरुद्ध एक वजनदार मुद्दा आहे, तोही मांडला पाहिजे. २०१३ सालच्या ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळाची कथा अशीच एका वाटेची आहे. जगभर पसरलेल्या रोगावर उपाय शोधण्यासाठी एका मुलीवर शस्त्रक्रिया होणार असते, आणि तीत तिचा मृत्यू अटळ असतो. तिला वाचविण्यासाठी नायक रुग्णालयात शिरून माणसे मारतो, शस्त्रक्रियेला उभ्या असलेल्या डॉक्टरलाही मारतो, आणि मागाहून त्या मुलीशीच खोटे बोलतो. डॉक्टरवरचा तो घाव खेळणाऱ्याला स्वतःच्या हाताने घालावा लागतो. त्यावाचून कथा पुढे सरकत नाही. सिनेमा पाहणारा म्हणतो, ‘त्याने मारले.’ येथे खेळणारा क्षणभर ‘मी मारले’ असे म्हणून दचकतो. हे कलेचे सामर्थ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. तरीसुद्धा त्या कृत्याचा दोष खेळणाऱ्यावर येत नाही, आणि दोष येत नाही म्हणून श्रेयही येत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘होय’ला वजन कसले?

मग ‘नाही’ म्हणायची सोय केली की भागले काय? ‘द स्टॅन्ली पॅरेबल’ नावाचा खेळ स्वतंत्र रूपात २०१३ सालीच आला. त्याच्या नावातच दाखला हा शब्द आहे. कचेरीतील एक नोकरदार दोन उघड्या दारांपुढे येतो. निवेदकाचा आवाज सांगतो की, तो डाव्या दाराने गेला. खेळणाऱ्याला उजव्या दाराने जाता येते. निवेदक आधी सांभाळून घेतो, हट्ट चालूच राहिला की चिडतो. आपल्याला मोठी मौज वाटते. मग लक्षात येते की, ते चिडणेही कोणी आधीच लिहून ठेवले होते. तसेच मोकळे म्हणविणाऱ्या पुष्कळ खेळांत नकाशाभर खुणा असतात. कोठेही जा, काहीही करा, पण तुमच्या जाण्याने वा न जाण्याने तेथे कोणाचे काही बनत-बिघडत नाही. दारे पुष्कळ असली म्हणजे स्वातंत्र्य आले, असे नव्हे.

या शोधात आम्हांला सर्वांत आवडला तो मात्र १९८५ सालचा ‘अल्टिमा फोर’. त्याचे कर्ते रिचर्ड गॅरियट यांच्या आधीच्या खेळांत खेळणारा चोऱ्या करी, निरपराध्यांना मारी, आणि तरी शेवटी वीर ठरे. त्या खेळांविषयी पालकांची रागाची पत्रे आली. गॅरियट यांनी विचार केला आणि नवा खेळ असा रचला की, त्यात शेवटी मारायला कोणी महादुष्ट नाही. प्रामाणिकपणा, दया, न्याय, त्याग, नम्रता अशा आठ सद्गुणांत खेळणाऱ्याने वाढायचे, हेच त्याचे उद्दिष्ट. त्यात जादूची द्रव्ये विकणारी एक आंधळी बाई आहे. ती किंमत सांगते, पण किती नाणी ठेवायची हे खेळणाऱ्याने ठरवायचे. कमी ठेवली तरी ती माल देते. कोणी ओरडत नाही, शिपाई धावून येत नाही. परंतु तुमच्या प्रामाणिकपणाचा हिशेब आतल्या आत उणा होतो, आणि पुष्कळ पुढे गेल्यावर ती उणीव आडवी येते.

आमच्या मते खरी कसोटी येथे आहे. वाटा किती, हा प्रश्न दुय्यम. मी जे केले ते माझे म्हणून जमेस धरले जाते की नाही, हा खरा प्रश्न. त्या आंधळ्या बाईसमोर खेळणारा खऱ्या अर्थाने हजर असतो. तो नसता तर चालले नसते.

हे टिपण येथवर आले आणि आमची लेखणी थांबली. कारण टेबलाच्या खणात पीयूसीच्या प्रवेशाचा अर्ज होता. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही मुलाला जवळ बसवून प्रेमाने विचारले होते, “तुला काय शिकायचंय?” तो म्हणाला, “आर्ट्स. इतिहास.” आम्ही समजावले. पुन्हा विचारले, पुन्हा समजावले. तिसऱ्या खेपेस तो “सायन्स” म्हणाला, तेव्हा आम्ही समाधानाने त्याच्या आईला सांगितले, “त्यानेच ठरवलंय.” वस्तुतः अर्जावर ‘विज्ञान’ हा शब्द आम्ही पहिला प्रश्न विचारण्यापूर्वीच पेन्सिलीने लिहून ठेवला होता. काठी ठरलेल्या बाजूला पडेपर्यंत आम्ही त्याला तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवीत होतो, एवढेच.

शब्बाथशाळेतही आमचे निराळे होत नाही. आम्ही प्रश्न विचारतो, मुले आमच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तर ओळखतात, आणि आम्ही म्हणतो, ‘शाबास.’ उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ शेवटी घरात गेला की बाहेरच राहिला, हे प्रभूने सांगितलेले नाही. ते ऐकणाऱ्यावर सोपविले आहे. आम्ही मात्र कित्येक वर्षे वर्गात त्याचा शेवट करून टाकीत आलो.

त्या रात्री आम्ही अर्जावरील पेन्सिलीचे अक्षर खोडले आणि अर्ज मुलाच्या हाती दिला. “तू भर. मी सही करीन,” एवढेच म्हणालो, आणि पुढे बोलायचे नाही असे ठरविले. ते फार जड गेले. दोन दिवसांनी त्याने अर्ज परत आणला. त्यावर त्याने आर्ट्स लिहिले होते. आम्ही सही केली. त्याने बरोबर निवडले की चूक, हे आज आम्ही सांगू शकत नाही, आणि आमची काळजीही गेलेली नाही. परंतु आता तो पहाटे उठून वाचतो, तेव्हा त्याला उठवावे लागत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या रविवारी वर्गात एक तरी प्रश्न असा विचारा की ज्याचे उत्तर तुम्ही आधीच लिहून ठेवलेले नाही. मग थोडा वेळ गप्प राहा. एखादे मूल तुम्हांला न आवडणारे उत्तर देईल. ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.