न लागलेला दिवा

लहानपणी आमच्या घरात दर दिवाळीला एक वाद ठरलेला असे. आम्ही तेव्हा धुळ्याला राहत होतो. लक्ष्मीपूजन आटोपले, की वडील आम्हा भावंडांना घेऊन आग्रा रोडची रोषणाई पाहायला निघत. आईला ते मुळीच रुचत नसे. "दुसऱ्याचे दिवे काय पाहायचे? आधी आपल्या दारातल्या पणतीत तेल आहे का ते बघा," असे ती म्हणे. वडील हसून म्हणत, "अगं, दिवा लावायला तेल लागतं. पाहायला काय लागतं?"

आम्ही मुले अर्थातच वडिलांच्या पक्षाची. आग्रा रोडवरच्या सराफांच्या आणि कापडवाल्यांच्या दुकानांतला झगमगाट डोळ्यांत साठवून घरी यावे, तर दारातली पणती खरोखरच विझलेली असे. आई काही बोलत नसे. ती नुसते तेल घाली.

आज चाळिशी ओलांडल्यावर वाटते, की तो वाद दिसतो तितका साधा नव्हता. दुसऱ्याने लावलेल्या दिव्याचा आनंद आपण फुकट घ्यावा काय? घेतला तर त्याचे काही देणे लागते काय? आणि लागत असेल, तर ते फेडायचे कोणाला? हे प्रश्न मला एका दिवाळीने नव्हे, तर एका नाताळाने पुन्हा विचारले. ती हकीकत सांगतो.

२०१९ सालची गोष्ट. मी जळगावला शिक्षक आहे. आम्हा काही जणांना सायकलींचा नाद आहे. रविवारी सकाळी पाच-पंचवीस किलोमीटर जावे, कुठे तरी शेवभाजीवर ताव मारावा आणि परत यावे, एवढाच आमचा पराक्रम. त्या वर्षी कोणी तरी टूम काढली, की २४ डिसेंबरच्या रात्री सायकलींवरून भुसावळला जाऊन नाताळची रोषणाई पाहू. जळगावाहून भुसावळ सुमारे २५ किलोमीटर. १८६०च्या दशकात रेल्वे आली तसे भुसावळ वाढत गेले, आणि रेल्वेबरोबर देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. त्यामुळे नाताळ आला, की तिथल्या काही गल्ल्यांतून दारोदार कागदी तारे लागतात. ते पाहायचे, मध्यरात्रीची प्रार्थना बाहेरून ऐकायची आणि परतायचे, असा बेत ठरला.

आम्ही दोघे शिक्षक, एक किराणा दुकानदार, एक कंपाउंडर आणि शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली सहा मुले, असे दहाजण जळगावातून निघणार होतो. अकरावा नशिराबादच्या फाट्यावर येऊन मिळणार होता. तोही माझाच विद्यार्थी. दहावी होऊन आय. टी. आय.ला जाऊ लागलेला. दोन दिवस आधी तो मला भेटला तेव्हा जरा घुटमळत म्हणाला, "सर, ह्या आठवड्यात आमच्या शेताला रात्रीची लाईन आहे. बाबा एकटेच असतात पाणी भरायला." मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटले, "अरे, एका रात्रीने काय होतंय?"

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला पात्रांच्या तोंडी वाक्ये घालण्याची सवय असते. त्या वाक्यांचे परिणाम पुढच्या प्रकरणात त्यालाच निस्तरावे लागतात, हे मात्र तो आयुष्यात वागताना विसरतो.

रात्री साडेनऊला आम्ही निघालो. थंडी खान्देशातल्या डिसेंबरला शोभेल अशीच होती. मार्गशीर्षाची अमावास्या दोन दिवसांवर आलेली. त्याच अमावास्येला, २६ तारखेला, सूर्यग्रहणही होते. त्यामुळे आकाशात चंद्र नव्हता. गाव मागे पडले तसे मृग नक्षत्र आणि त्याच्यामागून येणारा व्याध लखलखू लागले. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम तेव्हा चालू होते, म्हणून आम्ही कडेकडेने, एका ओळीत चाललो होतो. प्रत्येकाच्या सायकलीला मागे लाल दिवा असलाच पाहिजे, हा माझा कडक नियम. एके काळी बिनदिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस हटकीत. आता ते काम आपले आपणच करायला हवे.

नशिराबादच्या फाट्यावर तो मुलगा उभा होता. कानाला मफलर, अंगात वडिलांचा ढगळ स्वेटर. सायकल जुनी आणि तिला दिवा पुढेही नाही, मागेही नाही. नियमाप्रमाणे मी त्याला परत पाठवायला हवे होते, किंवा कोणाचा तरी दिवा काढून त्याला द्यायला हवा होता. पण सगळ्यांना पुढे जाण्याची घाई. मी म्हटले, "तू मध्ये राहा. पुढचे-मागचे दिवे तुला पुरतील."

गाव ओलांडून दोनएक किलोमीटर गेलो असू. उजव्या हाताच्या काळ्याभोर शेतात एक बॅटरी हलताना दिसली. उजेडाचा एक ठिपका बांधावरून सरकत होता, मध्येच खाली वाकत होता, पुन्हा वर येत होता. आमच्यापैकी कोणी तरी म्हणाले, "ह्या थंडीत पाण्यात उभं राहायचं म्हणजे कमाल आहे!" आणि आम्ही पुढे गेलो. आतापर्यंत सारखा बडबडणारा तो मुलगा तिथून गप्प झाला. ते माझ्या ध्यानात आले, पण मी त्याचा अर्थ लावला नाही.

शेतीपंपांना वीज पाळीने मिळते, हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. दिवसाची पाळी असेल तर ठीक. रात्रीची असेल तेव्हा मात्र शेतकऱ्याने बॅटरी आणि फावडे घेऊन रात्रभर वाफे फोडत, बांधत हिंडायचे. पायाखाली चिखल, त्यात विंचूकाट्याचे भय. त्या वर्षी तर परतीच्या पावसाने खरिपाचे हातातोंडाशी आलेले पीक मातीत घातले होते. साऱ्या आशा रब्बीच्या गव्हा-हरभऱ्यावर होत्या. गंमत म्हणा की दैवाची थट्टा म्हणा, भुसावळच्या पलीकडे औष्णिक वीजकेंद्राची वसाहत आहे, तिचे नाव दीपनगर. दिव्यांच्या नगरापासून काही कोसांवर माणूस बॅटरीच्या उजेडात वाफे शोधत होता.

भुसावळात पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. काय सांगावी त्या गल्लीची शोभा! घरे साधीच, पण प्रत्येक दारावर तारा. कुठे पाच टोकांचा कागदी, कुठे अनेक टोकांचा. हा अनेक टोकांचा तारा जर्मनीतल्या नीस्की गावच्या एका शाळेत, १८३०च्या दशकात, भूमितीचा धडा म्हणून मुलांकडून करवून घेतला गेला, असे सांगतात. एका शिक्षकाचा धडा असा देशोदेशीच्या दारांवर लटकावा, ह्याचा मला शिक्षक म्हणून कोण अभिमान वाटतो! आपला आकाशकंदीलही त्याचा जवळचाच नातलग. आपल्याकडे आकाशदिवा पितरांना वाट दिसावी म्हणून लावतात. त्यांच्याकडे तारा लावतात तो पूर्वेच्या ज्ञानी माणसांना बेथलेहेमची वाट दाखवणाऱ्या ताऱ्याच्या आठवणीने. दोन्ही दिवे घरातल्यांसाठी नाहीतच. ते वाटेवरच्या माणसासाठी आहेत.

सगळेच दिवे इतके निःस्वार्थी असतात असे मात्र नाही. नाताळच्या झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ साली न्यूयॉर्कला, एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन ह्याच्या घरी. लाल, पांढरे आणि निळे मिळून ऐंशी. पण जॉन्सन विजेच्याच धंद्यातला. त्याचे झाड म्हणजे सणही होता आणि जाहिरातही. आमच्या आग्रा रोडवरच्या झगमगाटातही थोडी जाहिरात असेच. "पाहा" असे म्हणणारा दिवा आणि "या" असे म्हणणारा दिवा, असे दिव्यांचे दोन प्रकार मला करावेसे वाटतात.

त्या गल्लीत आम्हाला दुसऱ्या प्रकारचा दिवा भेटला. एका दाराशी घोळका करून आम्ही उभे होतो, तोच आतून एक आजीबाई आल्या. "बाहेरून काय पाहता? आत या ना!" त्यांनी आम्हा अकराजणांना ओसरीवर बसवले. ताटात केक होता, आणि करंज्या व चकल्याही होत्या. अगदी आपल्या दिवाळीचा फराळ! कोपऱ्यात गव्हाणीचा देखावा मांडला होता. गवतावर बाळ, शेजारी गाय, गाढव आणि घोंगडी पांघरलेले दोन मेंढपाळ. तो मुलगा त्या मेंढपाळांकडे टक लावून पाहत होता. आजी त्याला म्हणाल्या, "बाळा, देवदूतानं पहिली बातमी राजाला दिली नाही हो. रात्री रानात जागत होते ना, त्यांना दिली."

मुलाने आपला केक खाल्ला नाही. रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

दीड वाजता आम्ही परत फिरलो. नशिराबाद जवळ आले तसा तो मुलगा मागे पडू लागला. शेवटी थांबला आणि म्हणाला, "सर, तुम्ही पुढे व्हा. माझे बाबा आहेत तिथं."

बॅटरीचा तो ठिपका अजून हलत होता. मी विचारले, "मघाशी जातानाच का नाही सांगितलंस?" तो खाली मान घालून म्हणाला, "हाक मारली असती, तर थांबावं लागलं असतं सर. आणि मला दिवे पाहायचे होते."

इतके खरे उत्तर मला वर्गात कधी मिळाले नव्हते. आम्ही सगळेच सायकली टेकवून बांधावरून आत गेलो. तो पुढे धावला. "बाबा!" वडिलांनी बॅटरी वर केली. पोटरीपर्यंत चिखल, खांद्यावर घोंगडी. मुलाला त्यांनी आधी डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिले. मग मला म्हणाले, "मास्तर, जाताना पाह्यले मी तुम्हाले. एका लायनीत लाल लाल दिवे चालले होते, लई ब्येस दिसत होतं. पण मोजले तं दहाच भरले. पोरगा तं सांगून गेला होता, अकरा जण आहे म्हणून. तवापासून जीव थाऱ्यावर नाही."

मला काय बोलावे ते सुचेना. आम्ही दिवे पाहायला निघालो होतो, आणि त्या अंधारात एक माणूस आमचे दिवे पाहत होता. आम्हाला त्याची बॅटरी क्षणभर दिसली आणि आम्ही कौतुकाचे एक वाक्य बोलून पुढे गेलो. त्याने मात्र आमचा एकेक दिवा मोजला होता. न लागलेला दिवासुद्धा मोजला होता. आणि तो दिवा लागलेला नव्हता ह्याला कारण मी होतो.

मुलाने रुमाल सोडून केक त्यांच्या हातावर ठेवला. "कसे होते दिवे?" एवढेच त्यांनी विचारले, आणि केकचे तुकडे मोडत त्याचे सारे वर्णन ऐकून घेतले. त्यानंतर मुलाने फावडे हातात घेतले व वडिलांना बांधावर घोंगडीत बसवले. आम्हीही तासभर थांबलो. सायकलींचे दिवे काढून वाफ्यांवर धरले. आम्ही त्यांचे काम हलके केले असे म्हणणे खोटे ठरेल, बहुधा बिघडवलेच. किराणा दुकानदार तर दोनदा चिखलात बसला, आणि ते गृहस्थ त्या रात्री पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

ह्या खान्देशात, धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्या गीतेच्या तिसऱ्या अध्यायात एक कठोर विचार आहे. मिळालेले परत न देता जो नुसते भोगतो, तो चोर. लहानपणी मला हा शब्द फार जड वाटे. उजेड पाहण्यात कसली आली आहे चोरी? पाहिल्याने दिवा काही कमी होत नाही. ते वडिलांचे म्हणणे आजही मला खरेच वाटते. दुसऱ्याच्या सणात आनंदाने सामील व्हावे, त्यासाठी त्याचा धर्म स्वीकारावा लागत नाही की आपला सोडावा लागत नाही. आजीबाईंच्या ओसरीवर आम्ही काही चोरले नाही.

मग देणे कुठे उरले? ते वाटेवर उरले. दिवा ज्याने लावला, त्याला ते परत द्यायचे नसते, त्याची त्याला अपेक्षाही नसते. ज्याचा लागला नाही, त्याला ते द्यायचे असते. अंधारात कोणी तरी आहे म्हणून सण साजराच करू नये, असे मी म्हणत नाही. मुलाचा आनंद ऐकताना त्या बापाच्या तोंडावर जे समाधान मी बॅटरीच्या उजेडात पाहिले, ते पाहणारा असे म्हणूच शकणार नाही. पण आनंदाला निघताना आपण हिशोब नेहमी लागलेल्या दिव्यांचा करतो. न लागलेला दिवा मोजायला मागे जीव अडकलेला असावा लागतो. त्या बापाचा होता. माझा नव्हता.

त्यानंतर कितीदा तरी आम्ही रात्री सायकलींवर निघालो. अजूनही निघतो, नाताळात आणि दिवाळीतही. माझ्या पिशवीत आता एक जादा लाल दिवा असतो. निघण्यापूर्वी मी रांगेच्या टोकाला उभा राहून एकेक दिवा मोजतो. मुले हसतात, हसू देत.

आणि दिवाळीच्या रात्री घरी परतल्यावर आईचे वाक्य आठवते. तिला दुसऱ्याच्या दिव्यांचा राग होता, असे मी इतकी वर्षे समजत आलो. तसे नसावे. आम्ही झगमगाट पाहत हिंडत होतो तेव्हा तेल कुठे संपत आले आहे, एवढेच ती पाहत होती.