अग्रमान कोणाचा?

१७५८ साली लिनियसने मनुष्य, वानर व वटवाघूळ यांस एकाच गणात घालून त्यास ‘प्रायमेट्स’, म्हणजे अग्रस्थानीचे, हे नाव दिले. वटवाघूळ पुढे गळाले, नाव राहिले. पकड घेणारी बोटे, चपटी नखे, समोर रोखलेले डोळे, देहमानाने मोठा मेंदू, ही या गणाची लक्षणे. समोर डोळे मांजरासही असतात. म्हणून एका लक्षणाने नव्हे, समुच्चयानेच गण ठरतो. तो समुच्चय वसईजवळ तुंगारेश्वरी यात्रेकरूंपुढे हात पसरणाऱ्या माकडातही आहेच! मग आमच्या श्रेष्ठत्वास आधार कोणता? आम्हांस वाटते, तो शरीरात नाही. आयत्या फुटाण्यांनी रानातले स्वावलंबन सुटते, हे माकडास कळत नाही, आम्हांस कळते. कळूनही पुण्याच्या लोभाने हात आवरत नसेल, तर अग्रमान कसला?