घोट्यापाशी थोडं थांबू

पहाटे अनवाणी उभं राहा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या एखाद्या अंगणात, गच्चीवर, नाहीतर तुमच्या घरच्या फरशीवर. कुठंही चालेल, मनानं वारणानगरात या. फक्त पायात काही नको.

पाठ उत्तरेला करा. मागे शेतांपलीकडे वारणा नदी आहे. समोर, दक्षिणेला, जोतिबाचा डोंगर. त्याच्या उजव्या अंगाला पन्हाळा.

मे महिना आहे. उसाचा हंगाम संपलाय. कारखाना गप्प आहे, ट्रॉल्यांची रांग नाही, मळीचा वास विरून गेलाय.

डोंगराकडे बघा. चढायची घाई नको. आत्ता नुसतं बघायचं.

श्वास घ्या. सोडा.

आता नजर हळूच खाली येऊ द्या. डोंगरावरून शेतावर. शेतावरून अंगणात. अंगणातून आपल्या पायांवर.

तिथं थांबा.

घोट्याकडे आपण लचकल्यावरच बघतो. सुजलेला, हळदीनं पिवळा झालेला, क्रेप बँडेजात गुंडाळलेला घोटा घरोघरी पाहिलेला असतो. धड घोट्याकडे कुणी बघत नाही.

आज त्याच्याकडे बघू. कधीकाळी लचकून बरा झालेला असेल, तर जास्तच निवांत बघू.

पाय कालपरवाच मुरगळला असेल, सूज असेल, तर उभं राहू नका. बसून नुसतं वाचा. तेही पुरेसं आहे.

खाली बसा. एक पाय जवळ घ्या.

बोटांनी घोटा शोधा. आतल्या बाजूचं हाड. मग बाहेरच्या बाजूचं.

बाहेरचं हाड जरा जास्त खाली उतरलंय. लागलं हाताला? बोट पुन्हा आतल्या हाडावर न्या. पुन्हा बाहेरच्या.

तळवा बाहेरच्या अंगाला वळायला गेला, की हे खाली उतरलेलं हाड आडवं येतं. आतल्या अंगाला वळताना तेवढी आडकाठी नाही. म्हणून पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा आत. आणि दुखतं ते बाहेर.

बोट तिथंच राहू द्या. बाहेरच्या हाडाच्या किंचित पुढं, किंचित खाली. जरा खळगा लागतो. इथं एक बारीक अस्थिबंध आहे. बाहेरच्या अंगाला असे तीन आहेत, आणि पाय मुरगळला की सगळ्यांत आधी हा पुढचा ताणला जातो, फाटतो.

दाबू नका. नुसतं बोट ठेवा.

श्वास घ्या. सोडा.

या दोन हाडांच्या बेचक्यात, आत खोल, तिसरं एक हाड बसलंय. तिथं बोट पोचत नाही. डॉक्टर त्याला टॅलस म्हणतात. अंगाचा सगळा भार नडगीवरून उतरतो तो याच्यावर. आणि या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही.

एकही नाही.

ते स्वतःहून काही ओढत नाही, ढकलत नाही. वर बेचकं, खाली टाचेचं हाड, भोवती अस्थिबंध. मधे ते नुसतं बसलेलं आहे, भार झेलत.

त्याच्यापाशी थोडं थांबा.

आता पायाची बोटं वर, नडगीकडे ओढा. सांधा घट्ट बसतो. बोटं खाली सोडा. सांधा सैल होतो, इकडंतिकडं थोडा हलतोही.

हे हाड पुढून रुंद आहे आणि मागून अरुंद. बोटं वर असली की रुंद भाग बेचक्यात गच्च बसतो. बोटं खाली गेली की अरुंद भाग येतो, आणि दोन्हीकडं थोडी जागा सुटते.

उतारावर पाऊल असंच पुढं झुकलेलं असतं. चढाला दम लागतो, उताराला पाय मुरगळतो, हे डोंगरात फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. कारण इथं आहे, तुमच्या बोटांखाली.

पुन्हा एकदा. बोटं वर. घट्ट. बोटं खाली. सैल.

सावकाश.

आता बोट बाहेरच्या हाडाच्या मागं सरकवा. पायाची बाहेरची कड जमिनीवरून किंचित उचला. एक दोरी ताठ होते. कड सोडली की दोरी सैल. ही स्नायूंची शीर आहे. नडगीच्या बाहेरच्या अंगानं खाली येते, घोट्याला मागून वळसा घालते आणि तळव्याकडं जाते. पाय आत मुडपायला लागला, की त्याला बाहेर ओढून धरायचं काम हिचं.

उचला. सोडा. तिला ओळखून ठेवा.

आता उभं राहा.

भिंत जवळ असू द्या. एक हात भिंतीपाशी, पण टेकलेला नको. दोन्ही पायांवर भार सारखा.

डावा पाय जमिनीवरून हळूच उचला. अगदी थोडा. कागद सरकेल एवढाच.

आता तुम्ही उजव्या पायावर आहात.

काही करू नका. तोल सावरायला हात पसरू नका, बोटं जमिनीत रुतवू नका. घोट्यात काय चाललंय ते ऐका.

तिथं गडबड चाललीय. बारीक बारीक हालचाल. जरा आत, जरा बाहेर. जरा पुढं, जरा मागं.

तुम्ही सरळ उभे आहात असं तुम्हाला वाटतं. घोट्याला विचारा.

चैत्र पौर्णिमेला जोतिबावर सासनकाठी नाचताना पाहिली असेल. उंच काठी, खाली पेलणारा एकटा, आणि चारी बाजूंनी दोऱ्या धरलेली माणसं. गुलालात सगळे न्हालेले. काठी एकीकडं कलली, की समोरचा दोरी थोडी ओढतो. दुसरीकडं कलली, की दुसरा. कुणी जोर लावत नाही. जोर लावला तर काठी उलट पडेल. प्रत्येकाचं काठीकडं लक्ष असतं, आणि जो तो वेळेवर हलकासा हात देतो.

आत्ता तुम्ही काठी आहात. दोऱ्या घोट्याभोवती आहेत.

ती माणसं बघा. पोटरीकडं एक. नडगीच्या पुढं एक. मघाशी बोटाखाली ताठ झाली होती ती बाहेरची. आतली एक. कलतंय, ओढलं. कलतंय, सोडलं.

त्यांना काम करू द्या. तुम्ही नुसतं बघा.

पाय टेकवा. श्वास घ्या. सोडा.

आता दुसरा पाय. सावकाश.

एक बाजू जास्त डगमगते का? डगमगू द्या. ही बाजू पूर्वी कधी लचकली होती का, आठवा.

अस्थिबंधांत आणि स्नायूंत मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. सांधा किती वळला, कुठं कलला, याची खबर ती वर देतात. पाय मुरगळतो तेव्हा ही टोकंही दुखावतात. काही आठवड्यांत सूज उतरते, ठणका जातो, आपण म्हणतो बरा झाला. पण खबर उशिरा पोचत राहते. दोरी धरणारा जागेवर आहे, त्याचा डोळा मात्र लागलाय. म्हणूनच एकदा लचकलेला पाय पुन्हा पुन्हा लचकतो.

लोक त्याला कमजोर घोटा म्हणतात. मला ते पटत नाही. बळ बहुतेकदा असतंच त्यात. जाग गेलेली असते.

ती जाग अशी परत येते. एका पायावर. रोज. थोडा वेळ.

पुन्हा उभं राहा. उजवा पाय. भिंत जवळ.

जमत असेल तर आता डोळे मिटा.

लगेच कळतं, नाही? इतका वेळ डोळे गुपचूप मदत करत होते. आता घोटा एकटा आहे. डगमग वाढली. हात भिंतीला लागला तर लागू द्या. त्यात हार नाही.

या अंधारात क्षणभर थांबा.

जुलै 1660. समोरच्या त्याच पन्हाळ्यावरून, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून, शिवाजी महाराज रात्री निघतात. आषाढातला पाऊस. सोबत सुमारे 600 मावळे, बाजीप्रभू देशपांडे, बांदलांची माणसं. वाट विशाळगडाची. महाराज पालखीत आणि पालखी भोयांच्या खांद्यावर.

बाजीप्रभूंकडं आपण नेहमी बघतो. आज त्या भोयांकडं बघा. त्यांच्या पावलांकडं.

खांद्यावर भार. खाली चिखल, झाडांची मुळं, निसरडा दगड. पुढचं पाऊल कशावर पडणार ते दिसत नाही. पाऊल पडल्यावरच पायाला कळतं, आणि त्याच क्षणी घोट्याला सावरावं लागतं. एकाचा घोटा मुडपला तर पालखी कलते.

पालखी पुढं गेली. खिंडीत बाजीप्रभू राहिले. इतिहासाला पालखीखालच्या एकाही पायाचं नाव माहीत नाही.

डोळे उघडा. पाय टेकवा.

त्याच वाटेनं आता दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात. दोन दिवस, साधारण 50 किलोमीटर. गड उतरला की पुढं मसाई पठार. जांभ्याचा लांबच लांब सडा. पावसात त्यावर गुडघाभर धुकं, पायाखाली गवत, गवताखाली पाणी, पाण्याखाली दगड. सपाट म्हणून माणूस बेसावध होतो आणि तिथंच पाय जातो.

तिथं पोचायला अजून वेळ आहे. आत्ता आपण अंगणात आहोत.

दोन्ही पायांवर उभं राहा. टाचा उचला. चवड्यांवर या. पोटरी घट्ट होते. वर क्षणभर थांबा.

आता टाचा खाली आणा. याला वेळ द्या. वर जाताना लागला त्याच्या दुप्पट. डोंगर उतरताना पोटरीला हेच करायचं असतं, भार हळूहळू खाली सोडायचा.

पुन्हा वर. पुन्हा सावकाश खाली.

वारणानगरला डिसेंबरात, इथला कारखाना उभारणाऱ्या तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतीला कुस्त्यांचं मैदान भरतं. तिथला एखादा पैलवान तालमीत बैठका मारताना बघा, पण त्याच्या दंडाकडं बघू नका. तो खाली जातो तेव्हा टाच उचलली जाते, भार चवड्यावर येतो. वर येतो तेव्हा टाच टेकते. पायाखाली मऊ, भुसभुशीत लाल माती, आणि पाय अनवाणी. प्रत्येक बैठकीला घोटा मातीशी बोलतो. कुणी त्याला घोट्याचा व्यायाम म्हणत नाही.

पैलवानाएवढ्या बैठका आपल्याला नकोत. टाचा उचलल्या तरी पुष्कळ.

सायकलची जुनी ट्यूब घरात असेल तर आणा. तिचं एक टोक खाटेच्या पायाला बांधा, दुसरं पावलाला अडकवा. पाऊल बाहेरच्या अंगाला ढकला. हळू. मागं येऊ द्या. त्याहून हळू. हाडामागची ती शीर आठवा. ती आता जागी आहे.

हिसका नको. मोजणी नको. थकवा जाणवला की थांबा.

आता बूट. उंच बुटाच्या भरवशावर पुष्कळ जण राहतात. बूट बसणारा असावा, तळाची नक्षी खोल असावी, टाच आत हलू नये. उतरताना लेस घोट्यापाशी घट्ट बांधा. पूर्वी लचकलेल्या पायाला घोट्याचा पट्टा, म्हणजे ब्रेस, खरोखर उपयोगी पडतो. पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण त्यानं कमी होतं. तो लावायला लाजू नका. हातात काठी असू द्या. कोल्हापुरी पायताण मात्र घरी ठेवा. त्याचा रुबाब रंकाळा तलावाच्या काठी, मसाईच्या शेवाळावर नाही.

एवढं असूनही पाय मुडपेल. मुडपला तर बसा. श्वास घ्या. मग चार पावलं टाकून बघा. टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडावर, त्याच्या मागच्या कडेवर बोट ठेवल्यावर कळ आली, तर एक्स-रे काढायचा. चालत पुढं जायचं नाही. आणि पहिले काही दिवस पाय कुणाला चोळू द्यायचा नाही, अगदी मायेनं तेल घेऊन आले तरी.

पुन्हा उभं राहा. शेवटचं.

एक पाय. भिंत जवळ. नजर जोतिबाच्या डोंगरावर.

श्वास घ्या. सोडा.

कलतंय. ओढलं. कलतंय. सोडलं.

ही जाग रुजायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. जुलैच्या मोहिमेला जायचं असेल तर मेच्या मध्यालाच सुरुवात करा. त्यासाठी वेगळा वेळ काढू नका, तो निघत नाही. सकाळी चहाला आधण ठेवलं, की ओट्याला हात पोचेल इतक्या अंतरावर एका पायावर उभं राहा. पाणी उकळेपर्यंत उजवा, चहा मुरेपर्यंत डावा. उद्यापासून करा.